गादीभोवतीची माणसे

बंगळूरच्या इंदिरानगर भागात, शंभर फुटी रस्त्यावरील एका उपाहारगृहाच्या पहिल्या मजल्यावर, एका मोठ्या चित्राची रंगीत प्रतिकृती सोनेरी चौकटीत लावलेली आहे. अभ्यागत प्राध्यापक म्हणून या शहरात आल्यापासून माझा मुक्काम जवळच असतो, त्यामुळे हे चित्र अनेकदा पाहण्यात आले. त्याच्या एका बाजूस शिकारीची दोन चित्रे आहेत, दुसऱ्या बाजूस रविवर्म्याची एक नायिका आणि वाडियार घराण्यातील एका महाराजांचे छायाचित्र. मधल्या चित्रात गादीवर बसलेला एक तरुण आहे, त्याच्याजवळ बसलेला कृश चेहऱ्याचा एक प्रौढ गृहस्थ आहे आणि दोघांच्या मागे काही माणसे उभी आहेत. हे कोण, असे मी व्यवस्थापकांना विचारले. म्हैसूरचे कोणी महाराज असावेत, असे ते म्हणाले. अंतर्गत सजावट करणाऱ्यांनी राजेशाही चित्रांचा संच आणून दिला, त्यात हे आले. महाराजच कशावरून, या प्रश्नावर ते जरा गोंधळले. मग त्यांनी बसलेल्या दोघांकडे न पाहता मागच्या माणसांकडे बोट दाखविले. एवढी माणसे हात जोडल्यासारखी मागे उभी आहेत, म्हणजे महाराजच असणार!

तो तरुण म्हणजे सवाई माधवराव पेशवे आणि शेजारचे गृहस्थ नाना फडणीस. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ मध्ये पुण्यात रंगविलेले हे तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. ज्या दरबाराने १७९० मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला, तोच दरबार म्हैसूर राज्याच्या या जुन्या शहरात म्हैसूरचा म्हणून भिंतीवर लागला, हा इतिहासाचा विनोद क्षणभर सुखावून गेला. परंतु व्यवस्थापकांचे उत्तर मनातून जाईना. नाव चुकले होते, राज्य चुकले होते. चित्र वाचण्याची रीत मात्र चुकली नव्हती. आम्हा वाङ्मयाच्या अभ्यासकांना जी रीत शिकावी लागेल, ती त्यांना उपजत ठाऊक होती, असे मला वाटले. प्रस्तुत लेखात तेवढेच म्हणावयाचे आहे.

राजे, सरदार आणि मुत्सद्दी यांच्या चित्रांना आपण सरसकट 'व्यक्तिचित्र' म्हणतो. मराठीत हा शब्द प्रथम डोळ्यांपुढे आणतो तो गद्यातील एक लोकप्रिय प्रकार. माणसाचा स्वभाव, त्याच्या लकबी, त्याचे वेगळेपण ही त्या प्रकाराची सामग्री होय. या वाचनाची सवय घेऊन आपण दरबारी चित्रापुढे उभे राहतो आणि चेहऱ्यात स्वभाव शोधू लागतो. नानांच्या त्या लांबट, ओढलेल्या चेहऱ्यात पुष्कळांनी साऱ्या उत्तर पेशवाईची चिंता वाचली आहे. ती तेथे आहे का? १७९२ मध्ये नाना पन्नाशीचे होते आणि सत्तेच्या शिखरावर होते. खर्ड्याची लढाई व्हायची होती; ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यातून पडून झालेला तरुण पेशव्यांचा मृत्यू तर कोणाच्या स्वप्नातही नव्हता. चित्रकाराला जे ठाऊक असणे शक्य नव्हते ते आपण चित्रात घालतो आणि मग चित्रातून काढून दाखवितो. जुन्या मराठीतला 'तसबीर' हा शब्द या बाबतीत अधिक निरुपद्रवी होता. त्याने स्वभावाचे आश्वासन दिलेले नव्हते.

दरबारी तसबिरीचा विषय पद हा असतो, आणि पद चेहऱ्यात दिसत नाही. ते दिसते भोवतीच्या शरीरांत: कोण बसले, कोण उभे राहिले, कोणाची मान किती झुकली, कोणाच्या हातात चवरी, कोणाच्या हातात मोर्चेल, आणि गादीपासून कोण किती हातांवर. खिजमतगार, हुजऱ्या, चोपदार, भालदार, अब्दागिरा ही मंडळी चित्रकाराने पार्श्वभूमी भरून काढण्यासाठी योजिलेली नसतात. ती नसती तर गादीवरचा माणूस केवळ लोडाला टेकून बसलेला एक गृहस्थ ठरला असता.

हे सिद्ध करणारा एक प्रसंग योगायोगाने याच शहरात घडलेला आहे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज मोजक्या सोबत्यांसह वेष पालटून जिंजीकडे निघाले. वाटेत त्यांचा मुक्काम बंगळूरास पडला. मराठी इतिहासग्रंथांतून हा प्रसंग असा सांगितला जातो की, मुक्कामावर एक सेवक राजारामांचे पाय धूत असताना स्थानिक लोकांनी पाहिले, आणि यात्रेकरूंच्या टोळीतील हा माणूस सामान्य नव्हे अशी त्यांची खात्री पटली. बातमी मोगल अधिकाऱ्यापर्यंत गेली. संकट ओळखून महाराजांना दुसऱ्या वाटेने पुढे काढून देण्यात आले. खंडो बल्लाळ व इतर काही जण जाणूनबुजून मागे थांबले, पकडले गेले, त्यांनी मार सोसला, पण आपण साधे यात्रेकरू आहोत हे म्हणणे सोडले नाही.

या कथेत वेषांतर फसले ते कोठे? चेहऱ्यात नव्हे. बंगळूरच्या त्या माणसांनी राजारामांची तसबीर कधी पाहिलेली नव्हती. पाहिली असती तरी ओळख पटली असती असे नाही. राजाने आपले वस्त्र बदलले, दागिने उतरविले, नावही बदलले. बदलता आली नाही ती सेवकाच्या हातांची सवय. राजेपण राजाच्या अंगावर नव्हतेच. ते त्याच्या पायाशी बसलेल्या माणसाच्या ओणव्या पाठीत होते. इंदिरानगरच्या व्यवस्थापकांनी बोट दाखविले ते याच जागी.

पायांचाच दुसरा प्रसंग पुण्याचा आहे आणि तो वेल्सच्या चित्राला अगदी लागून आहे. जून १७९२ मध्ये महादजी शिंदे दिल्लीहून बादशहा शाह आलम याने पेशव्यांना दिलेल्या 'वकील-इ-मुतलक' पदाची सनद व खिलत घेऊन पुण्यास आले. उत्तर हिंदुस्थानात त्या वेळी त्यांच्याएवढा सामर्थ्यवान पुरुष नव्हता. पुण्याच्या मुत्सद्द्यांना त्यांची धास्ती होती. पेशव्यांच्या भेटीस गेले असता महादजी साऱ्या मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसले. बगलेतल्या गाठोड्यातून त्यांनी नवे जोडे काढून पेशव्यांपुढे ठेवले, त्यांचे जुने जोडे स्वतः उचलले आणि हेच आपल्या वडिलांचे काम, तेव्हा तेच आपलेही, अशा आशयाचे बोलले. ही हकीकत ग्रँट डफने सविस्तर दिली आहे आणि तेथून ती आपल्या सर्व इतिहासांत आली आहे.

याला नम्रता म्हणणारे आहेत, ढोंग म्हणणारेही आहेत. मला हे दोन्ही अपुरे वाटते. दरबार ही एक भाषा असेल तर महादजींनी त्या दिवशी तिच्यातील सर्वांत खालचे पद स्वतःकडे घेऊन वाक्याचा सारा अर्थ फिरविला. जोडे उचलणारा हुजऱ्या असेल तर ती नित्याची सेवा. जोडे उचलणारा महादजी असेल तर पाहणाऱ्या प्रत्येक मानकऱ्याला आपल्या उंच जागेची लाज वाटू लागते. पुढे सनदेच्या समारंभात बादशहाच्या नावाने एक रिकामे सिंहासन मांडण्यात आले, त्यावर फर्मान आणि खिलत ठेवण्यात आली, आणि पेशव्यांनी त्या रिकाम्या आसनाला मुजरे करून त्याच्या बाजूला आपली जागा घेतली. सिंहासनावर माणूस नव्हता, तरी मुजरे करणाऱ्यांमुळे तेथे बादशाही होती! दिल्लीतल्या ज्या बादशहाच्या डोळ्यांची गत चारच वर्षांपूर्वी गुलाम कादिराने केली होती, त्याची सारी सत्ता त्या काळी याच जातीची होती.

वेल्स पुण्यात आला तो याच सुमारास. १७९१ मध्ये तो मुंबईस उतरला होता. पुण्यातील कंपनीचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याला दरबारात प्रवेश मिळाला. त्याने पेशव्यांचे, नानांचे, महादजींचे चित्र केले. स्थानिक चित्रकारांना त्याच्या हाताखाली शिक्षण मिळाले. त्यांतील गंगाराम तांबट याचे नाव आपल्याला माहीत आहे, कारण मॅलेट आणि वेल्स यांच्या संग्रहांबरोबर त्याची चित्रेही परदेशी गेली आणि जपली गेली. त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा काढला, वेरूळची लेणी काढली. पेशव्यांच्या पदरी इतर चित्रकार होतेच; त्यांची नावे सर्वसामान्य मराठी वाचकापर्यंत पोहोचलेली नाहीत.

मॅलेटला मात्र वेगळे चित्र हवे होते. १७९० चा करार हे त्याचे आयुष्यातील मोठे कर्तृत्व. त्याबद्दल १७९१ मध्ये त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली. शनिवारवाड्यातील गणपती रंगमहालात भर दरबारी आपण पेशव्यांच्या हाती करारपत्र देत आहोत, हा क्षण त्याला कायमचा करून ठेवावयाचा होता. वेल्सने त्यासाठी अभ्यासचित्रे केली, पण १७९५ मध्ये तो वारला. मॅलेटने पुढे वेल्सच्या मुलीशी लग्न केले आणि ते काम इंग्लंडमध्ये टॉमस डॅनियलकडून पुरे करून घेतले. १८०५ साली पूर्ण झालेले ते भव्य चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे.

आता गंमत अशी की, करार झाला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात पोहोचलेला नव्हता; डॅनियलही त्या दरबारात नव्हता. दोघांनीही न पाहिलेला दरबार त्यांनी रंगविला. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. बखरकार तरी दुसरे काय करतो? माणसे एकेकटी पाहावयाची, त्यांचे चेहरे खरे, पागोटी खरी, महाल खरा; त्यांची मांडणी मात्र नंतरची, आणि ज्याच्यासाठी लिहावयाचे त्याच्या सोयीची. फेब्रुवारी १८२८ मध्ये शनिवारवाडा आगीत जळाला, त्यामुळे गणपती रंगमहाल कसा दिसत असे यासाठी आपण आजही या चित्राकडे वळतो. त्या निमित्ताने मॅलेटची मांडणीही आपण नकळत स्वीकारतो. पुण्याच्या दरबारातील अनेक वकिलांपैकी एक असलेला रेसिडेंट या चित्रात दरबाराचे प्रयोजन होऊन बसतो. सारे मानकरी त्याच्या क्षणाचे साक्षीदार होतात. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर पेशव्यांभोवती आजवर जी माणसे पेशव्यांचे पद दाखवीत होती, ती याच दरबारात, त्याच जागी बसून, मॅलेटचे पद दाखवू लागली. यासाठी चित्रकाराला कोणाचाही अपमान करावा लागला नाही. पेशव्यांची गादी जागच्या जागी आहे. फक्त चित्र कोणाच्या भिंतीवर जाणार, हे बदलले.

भिंतीचा हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी शत्रूपक्षाची भिंत पाहणे उपयोगी पडेल. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेतील महाल टिपूने १७८४ मध्ये बांधला. बंगळूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे हे स्थळ आहे. पश्चिमेच्या भिंतीवर हैदर आणि टिपू यांच्या स्वाऱ्या व १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत कंपनीच्या सैन्याचा उडालेला धुव्वा आहे. पूर्वेच्या भिंतीवर इतर राजांचे दरबार आहेत, चौकोनाला चौकोन लावून मांडलेले. तंजावरचा राजा, काशीचा राजा, अर्काटचा महंमद अली, चित्रदुर्गाचा मदकरी नायक यांच्या ओळीत बाळाजी बाजीराव पेशवेही आहेत, असे तेथे सांगतात. म्हणजे महाल बांधण्यापूर्वी तेवीस वर्षे मृत्यू पावलेले नानासाहेब!

ओळख बिनचूक आहे की नाही याला मी फारसे महत्त्व देत नाही. या भिंती पुढे इंग्रजी अमलात, विशेषतः डलहौसीच्या आज्ञेने, पुन्हा रंगविल्या गेल्या आहेत, त्यामुळे चेहऱ्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. महत्त्वाचे ते हे की, पेशवा तेथे एकटा नाही. त्याला त्याची गादी आहे, त्याचे सेवक आहेत, त्याला उणे असे काही केलेले नाही. पण त्याच्या शेजारच्या चौकोनातही एक गादी आणि तसेच सेवक आहेत, आणि त्याच्याही शेजारच्या. प्रत्येकाचा दरबार शाबूत ठेवून टिपूच्या चित्रकारांनी प्रत्येकाला रांगेतला एक करून टाकले. पलीकडच्या भिंतीवर मात्र साऱ्या भिंतीभर एकाच घराण्याची स्वारी चालली आहे. शत्रूला लहान करण्याची ही रीत शिवीगाळीपेक्षा अधिक जाणती म्हटली पाहिजे. पुण्याच्या दरबाराचे मॅलेटने नंतर जे केले, ते टिपूने आधीच आपल्या पद्धतीने केले होते.

वाङ्मयाचा विद्यार्थी येथे साहजिकच विचारील की, शब्दांतील राजचित्रांनाही हे लागू पडते का? मला वाटते, पडते, आणि एका चमत्कारिक वळणाने पडते. सभासदाची बखर हे शिवछत्रपतींचे सर्वांत जुने मराठी गद्यचरित्र. राज्याभिषेकाच्या वर्णनात तेथे बत्तीस मणांचे सुवर्णसिंहासन येते आणि त्याच्याभोवती अष्टप्रधान आपापल्या जागी उभे राहतात. म्हणजे सिंहासन वजनाने सांगितले आणि राजा भोवतीच्या माणसांनी सांगितला. पण ही बखर लिहिली गेली केव्हा? १६९७ च्या सुमारास, जिंजीत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. रायगड १६८९ मध्येच मोगलांच्या हाती पडला होता, सिंहासन गेले होते, आणि जिंजीला वर्षानुवर्षे वेढा पडलेला होता. बंगळूरात ज्याला सेवकाच्या हातांनी संकटात टाकले, तोच राजा आता सभासदाकडून सेवक, प्रधान आणि सिंहासन शब्दांत पुन्हा मांडून घेत होता. जवळ नसलेला दरबार त्याने गद्यात भरविला.

तंजावरात पुन्हा हेच. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांच्या हातून राज्यकारभार गेला. त्यांच्याकडे किल्ला आणि मानमरातब उरला. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. सरफोजींची तैलचित्रे प्रसिद्ध आहेत आणि त्यांचा अभ्यासही होत असतो. त्या चित्रांशेजारी हा शिलालेख ठेवून वाचणारे थोडे. मला स्वतःला तो शिलालेख हेच त्यांचे खरे दरबारी चित्र वाटते, कारण त्यात ते एकटे नाहीत. पिढ्यान् पिढ्या त्यांच्यामागे उभ्या आहेत. राज्य नाहीसे झाले की दरबारातील माणसे कमी होतात. ती जागा पूर्वज घेतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या चित्रांत एक बदल झाला, त्याची दखल आपण जितकी घ्यावी तितकी घेतलेली नाही. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत करून इंग्रजांनी बडोद्याच्या गादीवर नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक म्हणून बसविला. गोपाळराव हे नाव जाऊन तो सयाजीराव झाला. कारभार पाहण्यास आले ते तंजावरी मराठी घराण्यातील सर टी. माधवराव, पूर्वी त्रावणकोरचे दिवाण. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले आणि त्या प्रसंगासाठी माधवरावांनी त्रावणकोरहून राजा रविवर्म्याला बोलाविले.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये येथे, म्हैसूरच्या राज्यात, पन्नास वर्षांच्या इंग्रजी कारभारानंतर राज्य वाडियारांना परत देण्यात आले होते. ज्या चामराजेंद्रांना ते मिळाले त्यांचा जन्म १८६३ चा, सयाजीरावांचाही १८६३ चा. दोघेही दत्तक, दोघेही इंग्रजांच्या देखरेखीखाली वाढविलेले, दोघांनाही एकाच वर्षी अधिकार. १८८५ मध्ये रविवर्मा म्हैसूरलाही आला आणि त्याने वाडियार कुटुंबाची चित्रे केली.

या तैलचित्रांत अंगावरील मोत्यांचा, हिऱ्यांचा आणि जरीचा तपशील असा आहे की तो हातात घेऊन पाहावा. कौशल्याबद्दल वाद नाही. पण चवरी ढाळणारा कोठे आहे? मोर्चेल कोठे आहे? अब्दागीर कोणी धरली आहे? बडोद्याच्या वाड्यात हे सेवक अर्थातच होते, म्हैसूरच्या दसऱ्यात तर शेकड्यांनी होते. एकट्या राजाच्या तैलचित्रातून मात्र ते बाहेर गेले. त्यांचे काम दागिन्यांकडे, पडद्याकडे आणि कोरीव खुर्चीकडे आले. युरोपीय चित्रपरंपरेचा प्रभाव असे याचे स्पष्टीकरण दिले जाते, आणि ते खोटे नाही. मला त्यापलीकडे जावेसे वाटते. ज्याचे पद रेसिडेंटच्या पत्रावर अवलंबून आहे, त्याच्याभोवती पद सिद्ध करणारी माणसे दाखवावयाची कशाला? त्याला पद दिले ते कलकत्त्याने आणि लंडनने. तोफांच्या सलामीची संख्याही तेथेच ठरली. रत्ने मात्र त्याची स्वतःची होती, म्हणून ती रंगविली गेली. हे मत अतिरेकी वाटल्यास मी ते सौम्य करण्यास तयार आहे, परंतु एकट्या राजाचे तैलचित्र आणि राजाचे एकटेपण ही दोन्ही याच पन्नास वर्षांत वाढली, हे नाकारता येत नाही.

सयाजीरावांना हे कळले होते काय? १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीच्या दरबारात पंचम जॉर्जपुढे निजामानंतर त्यांची पाळी आली. त्यांनी एकदाच मान लवविली आणि मागे सरत जाण्याऐवजी पाठ फिरवून ते चालते झाले. अंगावर दरबारास साजेसे अलंकार नव्हते, ही तक्रार वेगळीच. एवढ्यावरून इंग्लंडात काहूर उठले, खुलाशाचे पत्र द्यावे लागले. चलच्चित्रात तो प्रसंग टिपला गेला होता आणि लोकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. या वेळी सिंहासनावर दुसरा होता आणि त्याचे पद दाखविण्यासाठी ज्यांनी वाकावयाचे त्या रांगेत बडोद्याचे महाराज होते. रविवर्म्याने ज्यांच्या चित्रातून सेवक वगळले, त्यांच्याकडे आता ते काम आले होते; आणि ते त्यांनी नीट केले नाही! त्यामागे हेतू होता की गोंधळ, यावर चरित्रकार वाद घालोत. साम्राज्याला मात्र एका पाठीच्या रोखाने किती बिघडते हे अचूक कळले होते. बंगळूरच्या त्या जुन्या मुक्कामावरील लोकांना जे कळले होते, तेच.

इतके लिहिण्याचे तात्कालिक कारण काहीसे क्षुल्लक आहे. उत्तर पेशवाईतील गद्यपत्रव्यवहारावरील एका संकलनाशी माझा संबंध आला. मुखपृष्ठासाठी वेल्सचे चित्र निवडण्यात आले, पण ग्रंथनाम बसावे म्हणून त्यातील नानांचा चेहरा तेवढा कापून घेतला गेला. मी हरकत घेतली. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, नानांचा तो चेहरा मराठी ग्रंथांत कित्येक वर्षे असाच एकटा छापला जातो, वाचकाला तो ओळखीचा आहे, आणि मागचे सेवक काही पत्रलेखक नव्हेत. युक्तिवाद बिनतोड वाटावा असा होता. पण त्या पत्रव्यवहाराकडेच पाहावे. मायने, किताब, 'विज्ञापना', 'आज्ञा', कोणी कोणास सलाम लिहावा आणि कोणी आशीर्वाद, कोणत्या पत्रास थैली आणि कोणत्यास साधा लखोटा, यांनी ती पत्रे भरलेली आहेत. नवशिका अभ्यासक हा सारा भाग ओलांडून 'मजकुरा'वर येतो. मायना काढून पत्र वाचणे आणि सेवक कापून तसबीर छापणे ही एकच खोड आहे, असे मी त्या बैठकीत म्हटले. बैठक पाच मिनिटांत संपली.

मुखपृष्ठ कापलेल्या चेहऱ्यासहच छापले गेले. मलपृष्ठावर संपूर्ण चित्र लहान आकारात घेण्यास संपादक तयार झाले आणि त्याखालची ओळ लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. संग्रहातून आलेल्या कागदावर पेशवे आणि नाना यांच्या नावांनंतर 'व सेवक' एवढे दोनच शब्द होते. माझी ओळ चार ओळींची झाली. उभा असलेला प्रत्येक माणूस बसलेल्या दोघांपैकी कोणाच्या मागे आहे आणि त्याचे तोंड कोणीकडे आहे, हे तिच्यात लिहिले आहे. मुद्रकाने त्यासाठी चित्र आणखी अर्ध्या इंचाने लहान केले.